बांधलेला

ग्वाल्हेरातला, पौषातला रविवार होता. अकरा वाजले तरी धुकं अंगणातून हललं नव्हतं आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरातच होते, कारण सगळ्या घरात ऊब काय ती तिथंच होती. मटण शिजत होतं. आमच्याकडे मटणाला कुकर चालत नाही. जाड बुडाचं पातेलं, त्यावर खोलगट ताट, ताटात पाणी, आणि आतलं पाणी आटत आलं की ताटातलंच कढत पाणी आत सोडायचं, ही आत्याची रीत. हळद, मीठ, आलं-लसूण, परतलेला एक कांदा, बस. वाटण अजून पडायचं होतं. फोड दाबून बघितली, मऊ लागली, तशी मी वाटीभर अळणी काढलं, वर दोन मिरे ठेचून टाकले आणि आत्याच्या खोलीत नेलं. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं जग पलंग, खिडकी आणि मधली चार पावलं एवढंच उरलंय. दात गेलेत, कवळी ती लावत नाही, डोळ्यांना अंधुक दिसतं; पण जीभ आणि नाक जागच्या जागी आहेत. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली, आधी नुसती वाफ घेतली, मग एक घोट घेऊन तो थोडा वेळ तोंडातच फिरवला.

"बांधलेला होता," ती म्हणाली.

तक्रार नव्हती ती. वाटी तिनं शेवटच्या घोटापर्यंत संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळून पडली. मी मात्र उंबऱ्यातच उभी राहिले. दुकान तेच, गेल्या पंधरा वर्षांचं. नेहमीसारखंच सीना, मांडी आणि दोन नळ्या सांगून घेतलेलं. मसाला घरचा. दुपारी मी जेवले तेव्हा मटण लुसलुशीत होतं, हाडाला काही चिकटून राहिलं नव्हतं, पाहुणे असते तर त्यांनी वाखाणलं असतं. तरी तिचा शब्द घासात खडा यावा तसा येत राहिला, आणि चौथ्या-पाचव्या घासाला मलाही ते कळलं. रश्श्याला दाटपणा होता, तवंग होता, पण वास कुठलाच वर येत नव्हता. आल्याचा येत होता, लसणाचा येत होता. बकऱ्याचा येत नव्हता.

पुढच्या रविवारी दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत मी थांबले आणि खाटकालाच विचारलं, की मागच्या आठवड्यातला माल कुठला होता. तो सुरी पुसता पुसता थांबला. "क्यों दीदी, खराब निकला क्या?" मी म्हटलं, खराब नाही, पण आमच्या बुआजी म्हणतात की बांधलेला होता. त्यानं सुरी खाली ठेवली. "बुआजी सही कहती हैं. घर का बँधा था. भूसा और चोकर. आजकल जादातर वैसा ही आता है, चरा हुआ अब कौन लाता है." मग थोडं थांबून म्हणाला, लोकांना मऊ पाहिजे, एका शिट्टीत शिजणारं पाहिजे. चरलेल्या बकऱ्याचं मटण दिलं तर दुसऱ्या दिवशी परत घेऊन येतात, म्हातारं दिलंस म्हणून. तो हे सांगत असताना त्याच्यामागं लटकलेल्या धडाकडे मी बघत होते. पाठीवर चरबीची पांढरी, जाड साय. दिसायला देखणं मटण होतं, आणि तेच विकत घेऊन मी घरी आले.

मी बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. जिभेला कळतं त्याला कारण असतं, हे मुलांना सांगता सांगता माझ्याही हाडीमाशी मुरलंय. पण ह्या वेळी कारणाच्या आधी मला एक बोकड आठवला.

आमच्या घरी खंडेनवमीला बोकड असायचा. फाल्गुनात भिंडकडून कोणीतरी घेऊन यायचं, तीन-चार महिन्यांचा, खच्ची करूनच आणलेला, आणि नवमीपर्यंतचे सात महिने तो आमच्या चौकात वाढायचा. त्याला नाव ठेवायचं नाही असा आजीचा दंडक होता, म्हणून घरात त्याला सगळे "नवमीचा" म्हणायचे. नवमीच्याला पाणी पाजलं का, नवमीच्याचं दावं बघा. मी सांगतेय ती गोष्ट १९७२ ची, मी दहा वर्षांची होते. त्याच एप्रिलात जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, शस्त्रं खाली ठेवली होती आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घराघरांत दुसरा विषय नव्हता. त्या साली नवमीच्याला फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून आल्यावर त्याचं दावं सोडायचं आणि उरवाई दरवाज्याच्या बाजूला, किल्ल्याच्या उताराखाली त्याला घेऊन जायचं. आत्या तेव्हा बत्तीस वर्षांची, लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, घरातलं सगळं तिच्या हातात. ती रोज बजावायची, "ओढत नेऊ नकोस. तो थांबेल तिथं थांबायचं. त्याला जे पाहिजे ते त्याला कळतं."

बकरा कसा खातो ते मी त्या सहा-सात महिन्यांत पाहिलं. गाय जीभ वळवून गवताचा पुंजका ओढते, म्हैस समोर येईल ते दळत राहते. बकरा तसा खात नाही. त्याचा वरचा ओठ बोटासारखा हलतो. बोरीच्या फांदीवर दर पानाशेजारी काटा, आणि तो ओठ काट्याच्या कडेनं आत शिरून नेमकं पान काढून घ्यायचा, काटा तसाच. दोन पानं इथली, मग पुढं. मागच्या दोन पायांवर उभा राहून बाभळीची कोवळी डहाळी, मग खाली उतरून दगडाच्या फटीतलं काहीतरी कडवट, मग कडुलिंबाची गळलेली पिकली पानं. कधी पोटभर खाल्ल्यासारखा तो एका जागी उभा राहिलाच नाही. परत येताना त्याच्या तोंडाला एक वास यायचा, चिरडलेल्या पानांचा, थोडा तुरट, थोडा आंबूस, आणि रात्री तो रवंथ करत बसला की तोच वास चौकात पसरायचा. संध्याकाळी त्याला भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा कोंडा मिळायचा, शेवटच्या महिन्यात मूठभर गूळ. म्हणजे बांधलेला तोही होताच, अर्धा दिवस. हे मी विसरत नाही.

नवमीच्या आदल्या रात्री आत्या त्याच्याजवळ बसली होती. त्याला त्या दिवशी कुठं फिरवलं नव्हतं, मुलांना चौकात खेळायला बंदी होती, पाणी मात्र तीनदा दाखवलं होतं. आजोबांनीच सांगून ठेवलं होतं की दमलेलं, घाबरलेलं जनावर कापू नये, मटण काळं पडतं आणि चिकट होतं. मला ते दयेपोटी सांगितलेलं वाटायचं. त्यात शास्त्रही होतं, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. जिवंत स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतो, जनावर गेल्यावर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि पीएच सातच्या आसपासून काही तासांत साडेपाचच्या जवळ उतरतो. त्या आंबटपणावरच मटणाचा रंग, रस आणि टिकाऊपणा उभा असतो. जनावर आधीच धावून, उपाशी राहून, रात्रभर ट्रकमध्ये उभं राहून थकलेलं असेल तर ग्लायकोजेन संपलेलं असतं, आम्ल तयार व्हायला काही उरतच नाही, आणि मांस गडद, कोरडं, घट्ट राहतं. शेवटच्या दिवसाची भीती अशी मांसात राहते. मुलांना पीएच शिकवताना मी लिंबाचं उदाहरण द्यायचे. हे उदाहरण कधी दिलं नाही, वर्गात निम्मी मुलं शाकाहारी घरांतली असायची.

त्या नवमीला मी जेवणार नाही असं सकाळीच जाहीर केलं होतं. कोणी काही म्हणालं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला मी माजघरात रडून रडून पडले होते आणि स्वयंपाकघरातून वास येऊ लागला. तो वास मला ओळखीचा होता. त्यात हळद होती, आलं होतं, पण त्यांच्याखाली उरवाईच्या उताराचा वास होता, रवंथाचा, त्या चिरडलेल्या पानांचा. आत्या वाटी घेऊन आली आणि न बोलता माझ्याजवळ ठेवून गेली. मी बराच वेळ वाटीकडे पाठ करून पडून राहिले. मग प्यायले. नंतर भाकरीबरोबर दोन फोडीही खाल्ल्या. आज चौसष्टाव्या वर्षी लिहिताना हात अडखळतो, पण त्याच्याइतकं चवदार मटण मी आयुष्यात पुन्हा खाल्लं नाही. आत्यानं विचारलं, "कसं झालंय?" मी म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. खरं सांगायची लाज वाटली.

आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते, पुढं १९४८ ला मध्य भारत झाल्यावर जंगल खात्यात गेले. स्वतः त्यांनी बंदूक धरली की नाही ठाऊक नाही, पण कुठल्या जनावराला कुठल्या महिन्यात काय चव असते हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाल्यावर ती सगळी माहिती निरुपयोगी झाली तशी ते ती आम्हा मुलांना सांगत बसायचे. शिवपुरीकडचं रानडुक्कर भुईमुगाच्या शेतात घुसून महिनाभर शेंगा खाऊन आलं असेल, तर त्याची चरबी ताटात थिजत नाही, तेलासारखी राहते, असं ते म्हणायचे. हरियल वडा-पिंपळाच्या फळांवर असतो म्हणून गोड. तितराची छाती पांढरी आणि कबुतराची काळपट, कारण तितर भुर्रकन उडून लगेच खाली बसतो, कबुतर कोसच्या कोस उडतं. आम्हाला ह्या शिकाऱ्यांच्या गप्पा वाटायच्या. पण स्नायू जितका सतत राबतो तितकं त्यात मायोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य जास्त, आणि तेवढा त्याचा रंग गडद नि चव लोखंडी, हे मी स्वतः फळ्यावर लिहिलंय. कोंबडीची तंगडी आणि छाती एकाच पातेल्यातून काढून ताटात शेजारी ठेवली तरी कोण चालत होतं आणि कोण नुसतं तिथं होतं ते दिसतं. ब्रॉयलरमध्ये तोही फरक पुसट झालाय. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होऊन तो कापला जातो, चालायला त्याला जागाही नसते आणि दिवसही नसतात. त्याच्याबद्दल मला जास्त काही लिहिवत नाही.

डुकराच्या चरबीचं आजोबांचं म्हणणं मात्र मला फार पुढं नेऊन गेलं. डुक्कर, कोंबडी आणि माणूस ह्यांच्या पोटात रवंथ करणाऱ्या जनावरांसारखा आंबवणाचा कप्पा नसतो. जे तेल खाल्लं ते फारसं न बदलता अंगावर चढतं. स्पेनमध्ये ओकच्या झाडांखाली शरदापासून हिवाळाभर डुकरं मोकळी सोडतात, ती पडलेली फळं खात हिंडतात, आणि त्यांच्या चरबीत ओलेइक आम्ल इतकं वाढतं की ती खोलीच्या उबेनंही पाझरायला लागते. ऑलिव्ह तेलात असतं तेच ओलेइक आम्ल. शेंगदाण्यावर पोसलेल्या डुकराचं तसंच होतं. कोंबडीला मासळीची भुकटी जास्त झाली की तिच्या मांसाला मासळीचा वास मारतो तोही ह्याच वाटेनं. बकऱ्याचं निराळं. त्याच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे आंबवणाचा रांजण, त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव, आणि पाल्यातलं तेल आधी त्यांच्या हातून जातं. ते त्याला घट्ट करून टाकतात. म्हणून बकऱ्याची चरबी कोंबडीच्या चरबीसारखी पातळ राहत नाही, थंडीत वाटीच्या कडेला मेणासारखी बसते. म्हणजे बकऱ्यानं काय खाल्लं हे चरबीच्या घट्टपणात शोधायचं नाही. ते वासात असतं.

आणि वास असतो चरबीत. १९६० च्या सुमाराला अमेरिकेत हॉर्नस्टीन आणि क्रो ह्या दोघा संशोधकांनी वेगवेगळ्या जनावरांचं निव्वळ मांस, चरबी काढून टाकून तापवलं, तेव्हा सगळ्यांचा वास जवळजवळ एकसारखाच आला. कुठलं जनावर ते ओळखू आलं चरबी तापवल्यावर. बकऱ्याचा म्हणून जो उग्र वास आपण ओळखतो तो काही फाटे फुटलेल्या मेदाम्लांचा, त्यातलं ४-इथाइल ऑक्टॅनॉइक आम्ल तर कणभर असलं तरी नाकाला कळतं. माजावर आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडात ते इतकं होतं की शेजारच्या घरातही मटण शिजल्याची वर्दी जावी. हा झाला जातीचा वास, तो कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो. त्याच्या वर एक दुसरा, फार हलका थर असतो, खाल्ल्याचा. हिरव्या कोवळ्या चाऱ्यानं पोटात स्कॅटोल नावाचं उग्र वासाचं द्रव्य तयार होतं, ते थोडं चरबीत उतरतं. झाडपाल्यातली सुवासिक टर्पिनंही थोडी उतरतात. डोंगरकुरणांवर चरलेल्या मेंढ्यांच्या चरबीत ती सापडली आहेत. ह्या गोष्टी ग्रॅममध्ये मोजायच्या नव्हेत. पण नाक कुठं ग्रॅममध्ये मोजतं. भुसा आणि कोंडा एवढंच ज्याच्या पोटात गेलं, त्याच्या चरबीत हा दुसरा थर उतरणार कुठून? आत्याच्या वाटीत नेमका तोच नव्हता.

खरं तर आपण दुधाबाबत हे सगळं जाणतोच, मटणाबाबत विसरतो. मुरैना-भिंडच्या पट्ट्यात थंडीत जिकडेतिकडे मोहरी, आणि मोहरीचा पाला जास्त झाला की म्हशीच्या दुधाला त्याच्या वासाची झाक येते. माझी आई माघात एक-दोनदा तरी दूधवाल्याला परत पाठवायची. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं, कारण गाय चाऱ्यातलं कॅरोटीन तसंच तुपात सोडते, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते. शेळीही तेच करते, म्हणून पाला खाऊन वाढलेल्या बकऱ्याची चरबी पांढरीच राहते आणि दुकानात लटकलेलं धड बघून तो चरला होता की बांधलेला, हे आपल्याला रंगावरून कळत नाही. तोंडातच कळतं, आणि तेही ज्याच्या तोंडाला आठवण आहे त्याला.

त्याच महिन्यात ग्वाल्हेरच्या मेळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. पशुवैद्य आहे, भिंड जिल्ह्यात फिरतीवर असतो. १९०५ साली माधवराव महाराजांनी हा मेळा सुरू केला तो मुळात जनावरांचा, आणि जनावरांच्या बाजूलाच तो सापडावा हे मला बरं वाटलं. त्याला आत्याचं वाक्य सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, या एकदा." माघात एका सकाळी मी त्याच्या जीपमधून भिंडवरून अटेरच्या दिशेनं गेले. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, इतकी की धुक्यातही पिवळी झाक राहायची, आणि मग एकाएकी शेत संपून जमीनच खचलेली. बीहड. लहानपणी हा शब्द मी बंदुकांबरोबर ऐकला होता. समोर पाहिलं तर नुसती माती होती, पावसानं कापत नेलेली, पिठाच्या ढिगात बोटं फिरवावीत तशी, आणि त्या घळींतून काटेरी झुडपांची गर्दी. करील, झरबेरी, हिंगोट, आणि सगळीकडे पसरलेली विलायती बाभूळ.

कळप घळीच्या कडेवर विखुरला होता. चाळीसएक शेळ्या, बऱ्याचशा जमनापारी वळणाच्या, वाकलेलं नाक आणि गळ्यापर्यंत लोंबणारे कान. यमुना-चंबळच्या ह्या पट्ट्याचंच हे जनावर. पाय लांब, मान उंच, झुडपांसाठीच घडवल्यासारखं. विद्यार्थी सांगत होता की ह्या भागात दुसरी जात बरबरी, ठेंगणी, उभ्या कानांची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. ती खुंट्याला बांधून छान वाढते, शहरातल्या गल्लीतही वाढते, म्हणून तिचाच प्रसार जास्त. जमनापारी बांधली की झुरते. ते ऐकून मला आत्याचा शब्द निराळाच ऐकू आला. आतापर्यंत मी "बांधलेला" ह्याचा अर्थ खाण्याशी लावत होते.

गुराखी म्हातारा होता, डोक्याला मफलर, हातात लांब आकडी. त्यानं मला शेळ्या कशाकडे तोंड वळवतात ते दाखवलं. विलायती बाभळीच्या पानाला त्या तोंड लावत नाहीत, पण जेठात तिच्या पिवळ्या शेंगा गळल्या की त्यावर तुटून पडतात. हिवाळ्यात झरबेरी, ओली नसेल तर वाळलेली. राजस्थानात झरबेरीच्या वाळक्या पानांच्या चाऱ्याला "पाला"च म्हणतात, हे मला ठाऊक होतं आणि तो मराठी शब्द अचानक त्या घळीत उभा राहिल्यासारखा वाटला. "एक जगह दो मिनट मुँह नहीं मारती," म्हातारा म्हणाला. "दिन भर में पचीस तरह का पत्ता खाती है." त्यातल्या एका तरुण शेळीजवळ मी वाकले. तिनं मान वर केली, ओठ हलवत माझ्या शालीच्या टोकाचा वास घेतला. तोंडाला तोच वास होता, चिरडलेल्या पानांचा, तुरट आणि आंबूस. चोपन्न वर्षांनी.

मला तिथून निघून यावंसं वाटलं, आणि तेवढंच मटण घेऊन जावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे. त्या कळपातला एक बकरा आदल्याच दिवशी भिंडच्या दुकानात गेला होता, त्याचं एक किलो विद्यार्थ्यानं माझ्यासाठी सांगून ठेवलं होतं. मटण ताजं, पहाटेचं, दुपारी घरी पोचले तेव्हा स्नायू आखडून घट्ट झालेले. लगेच शिजवलं तर चिवट होणार, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पातेलं चढवलं.

मागच्या वेळी पाऊण तास लागला होता. ह्या वेळी ताटात पाच वेळा पाणी भरलं. वय आणि चाल ह्यांनी सांध्याजवळचं कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन, पक्कं विणलेलं असतं, ते सत्तर अंशांच्या आसपासच्या आचेत फार सावकाश विरघळतं, घाई केली तर मांसातला रस निघून जातो आणि दोरखंड मागं उरतो. मी मंद आच ठेवून स्टूल घेऊन बसले. चरबी कमी होती, तवंग बारीक थेंबांचा. पहिला तासभर काही विशेष नाही. मग ताट उचलताना वाफेबरोबर तो आला, हळदीच्या खालून, पुसटसा: वाळलेला पाला, जरा कडसर, आणि ओल्या घोंगडीसारखं काहीतरी. सगळ्यांना आवडेल असा वास नव्हे तो. माझ्या भाचीला तो मुळीच आवडणार नाही, आणि तिला मी चूक म्हणणार नाही.

अळणी वाटीत काढलं, मिरे ठेचून टाकले. आत्या खिडकीशी होती, वॉकरला टेकून. तिला पलंगावर बसवलं आणि वाटी दिली. वाफ घेऊन ती बराच वेळ थांबली. एक घोट, मग दुसरा. मी कान देऊन उभी होते, पण ती काही म्हणालीच नाही. वाटी संपली तशी म्हणाली, "फोड आण."

दात नसताना फोड कशाला, असं मी विचारलं नाही. बशीत एक आणली. तिनं ती बोटानं दाबून बघितली, तंतू वेगळे करून बघितले, नळीचं टोक नाकाजवळ नेलं. मग बशी माझ्याकडे सरकवली.

"मला चावणार नाही," ती म्हणाली. "तू चाव, आणि मला सांग कसं झालंय."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि फोड तोंडात घातली. कठीण होती. दोन-तीनदा चावल्यावरही तशीच राहिली, मग बाजूनं सुटू लागली. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला नीट दिसत नाही हे ठाऊक असूनही मला ती नजर जाणवत होती.

"आधी काही नाही आत्या," मी म्हणाले. "नुसतं मीठ. मग थोडं कडू येतंय, कडुलिंबासारखं. पण ते जिभेवर नाही, मागं, घशाजवळ."

"मग?"